ओठ हलतात आणि पेन्सिल थांबते

कॉलेजात शिकता शिकता मी एक काम धरले आहे, असे हिर्डोशीला घरी सांगितले तेव्हा आबांनी पहिला प्रश्न केला, "कसलं?"

"लिहायचं."

"कुनाचं?"

"भोरच्या एका मुलाचं. माझ्याच वर्गात आहे."

"त्याला लिव्हता येत न्हाई व्हय?"

"येतं. माझ्यापेक्षा चांगलं अक्षर आहे."

"मग वाचता येत नसंल."

"वाचताही येतं, आबा."

आबांचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. "लिव्हता येतंय, वाचता येतंय, आन् तरी तुला लिव्हाया ठिवलाय. धोंडिबा, तू कुठं अंगठा तर दिला न्हाईस?"

मी म्हटले, त्याला ऐकू येत नाही. तास चालू असतो तेव्हा मास्तर बोलतात ते मी लिहितो, आणि तो वाचतो. यावर आई चुलीपाशून म्हणाली, "मग मास्तरांनाच लिव्हून द्या म्हनावं की. तुमी मधी कशापायी?"  

आबांचा संशय खुळा नव्हता. आमच्या डोंगरात एकाचे लिहिणे दुसरा करतो तेव्हा बहुधा जमीन जाते. आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिला. लिहिणे ही वस्तू आमच्याकडे नेहमी बाहेरून, टोपीवाल्या माणसाबरोबर आली. ती घरातच निपजली, याचा आनंद होता तशी धास्तीही होती.

संपादकांनी मला माझ्या कामाविषयी लिहायला सांगितले आहे. या कामाला नावच नाही, हे मी त्यांना कळवले. ते म्हणाले, तसेच लिहा. तेव्हा जमेल तसे लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाची वर्षे होती. आबांना सांगितलेला भोरचा तो मुलगा म्हणजे श्रीधरपंत. मॅट्रिकच्या वर्गात असताना त्यांना मुदतीचा ताप आला. ताप उतरला आणि कान घेऊन गेला. वडील, म्हणजे नाना, भोर संस्थानच्या कचेरीत कारकून. त्यांनी मुलाला घरीच शिकवून मॅट्रिक करवले. पुढे पुण्याच्या कॉलेजात घालायचे ठरले तेव्हा त्यांनी भोरच्या हायस्कुलात चौकशी केली, की त्याच कॉलेजात जाणारा, बरे अक्षर असलेला, गरजू मुलगा कोण आहे. हेडमास्तरांनी माझे नाव सांगितले.

नानांनी मला घरी बोलावून ओसरीवर बसवले आणि वर्तमानपत्रातला मजकूर भराभर वाचायला सुरुवात केली. मी लिहीत गेलो. श्रीधरपंत समोर बसून नानांच्या ओठांकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने पाहत होते. चहा आला. माझा पेला नंतर वेगळ्या कोनाड्यात ठेवला गेला. तो जातीमुळे की त्याला पोचा होता म्हणून, हे मी विचारले नाही. पण पुढे दरवेळी तो पेला कुठे ठेवतात याकडे माझे लक्ष असे.

वाचन संपल्यावर श्रीधरपंतांनी माझा कागद घेतला, वर्तमानपत्र घेतले आणि ओळ ओळ ताडून पाहिली. मग ते मोठ्याने म्हणाले (त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्याने ते एकतर फार मोठ्याने किंवा फार हळू बोलत), "यानं एक वाक्य गाळलंय."

नाना ओशाळले. त्यांनी कागदावर लिहिले, "ते मीच वाचले नाही."

"का?"

नानांनी लिहिले, "महत्त्वाचे नव्हते."

श्रीधरपंत हसले नाहीत. "ते कोण ठरवणार?" एवढेच म्हणाले. मला वाटते, माझ्या कामाचे सगळे नियम त्या एका प्रश्नात होते. पण ते कळायला मला बरेच दिवस लागले.

बाहेरच्या माणसाला हे काम सोपे वाटते. वर्गात बसायचे आणि ऐकलेले उतरवायचे. पण हात लिहितो मागचे वाक्य आणि कान ऐकतो पुढचे. दोन्हींच्या मध्ये एक वाक्य डोक्यात तोलून धरावे लागते. ते सांडले की गेले. त्यातून तास इंग्रजीत. माझे इंग्रजी भोरच्या हायस्कुलाचे, जेमतेम. न समजलेला शब्द मी ऐकू येईल तसा देवनागरीत लिही आणि श्रीधरपंत संध्याकाळी कोश काढून त्याचा माग काढीत. सापडला की मलाही दाखवीत. माझे इंग्रजी सुधारले ते असे. कागदाची तर टंचाईच. नाना कचेरीतले रद्द झालेले छापील कागद आणून देत. त्यामुळे आमच्या अर्थशास्त्राच्या मागच्या बाजूला गुरांच्या कोंडवाड्याच्या कोऱ्या पावत्या असत.

आम्ही दुसऱ्या बाकावर भिंतीकडेला बसत असू. ते डावीकडे, मी उजवीकडे, म्हणजे माझा लिहिता हात त्यांना आड येत नसे. मी लिहीत असताना ते वाचत, आणि वाचता वाचता प्राध्यापकांच्या तोंडाकडे पाहत. ओठ हलताहेत आणि पेन्सिल थांबली आहे असे दिसले, की त्यांचे कोपर माझ्या बरगडीत बसे.

पहिल्याच महिन्यात एकदा सगळा वर्ग हसला. मी कागदावर लिहिले, "विनोद." कोपर बसले. मी लिहिले, "सरांनी विनोद केला." पुन्हा कोपर. तास सुटल्यावर ते व्हरांड्यात सगळ्यांसमोर ओरडले, "विनोद कसला ते लिही! मी होतो का त्यात?"

मी लिहून दाखवले, की तुम्ही नव्हता. सरांनी त्यांच्या छत्रीची गोष्ट सांगितली.

"मग छत्रीची गोष्ट लिही."

"ती अभ्यासाची नाही."

"तू हसलास ना? मग मलाही हवी."

मी छत्रीची गोष्ट पूर्ण लिहून दिली. लिहिल्यावर तिच्यात हसण्यासारखे काही राहिले नाही. श्रीधरपंतांनी ती वाचली, माझ्याकडे पाहिले आणि त्यांची खात्रीच पटली की मी खरी गोष्ट दडवून ही दुसरी बनवली आहे. चारजण हसून बोलत असले की बहिऱ्या माणसाला ते आपल्यालाच हसताहेत असे वाटते, असे लोक म्हणतात. मी बाजूला बसून पाहिले आहे. पुष्कळदा ते त्यालाच हसत असतात.

पुढे शिवऱ्याच्या एका मुलासाठीही मी असेच काम केले. त्याचा उजवा हात उसाच्या चरकात गेला होता. त्याला ऐकू सगळे येई, लिहिता येत नसे; तो सांगे ते मी उतरवायचे. त्याची तक्रार उलटी. "ह्ये म्या सांगितलं न्हवतं. तू पदरचं घालतोस!" म्हणजे एकाच्या मते मी चोरून कमी लिही आणि दुसऱ्याच्या मते चोरून जास्त. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. दुसऱ्याच्या हातून लिहून घेणाऱ्याने विश्वास ठेवायचा तरी कशाच्या जोरावर?

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतले त्याकडे येतो.

इंटरच्या वर्षी अर्थशास्त्राचे प्राध्यापक उत्पादनाच्या घटत्या प्रमाणाचा नियम शिकवीत होते. तीच ती जमीन पुन्हा पुन्हा कसली तर कष्टाच्या मानाने पीक कमी कमी येत जाते, असा तो नियम. इंग्लंडातल्या गव्हाच्या शेताचे उदाहरण झाल्यावर त्यांनी विचारले, "कोणी आपल्याकडचं उदाहरण देईल?"  मी आजवर वर्गात तोंड उघडले नव्हते. पण हे मला ठाऊक होते, लहानपणापासून पायाखालचे होते. मी उभा राहिलो.

इंग्रजीत सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला मराठीत आलो. तिसऱ्याला हिर्डोशीच्या मराठीत. आमच्या डोंगरउताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. पहिल्या वर्षी तीत नाचणी करायची, दुसऱ्या वर्षी वरी, तिसऱ्याला कारळे, आणि मग जमीन थकते म्हणून ती काही वर्षे पड टाकायची. माझ्या तोंडून "लई" आणि "न्हाई" निघाले तशी मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरही हसले, "बस" म्हणाले आणि पुढे गेले.

बसलो तर पुढ्यातला कागद तिथून पुढे कोरा. मी बोलत होतो तोवर लिहायला कोणीच नव्हते.

श्रीधरपंतांनी पाहिले होते ते एवढेच: त्यांचा लिहिणारा उठून उभा राहिला, काही बोलला, वर्ग हसला, सर हसले, आणि कागदावर काही नाही. त्यांनी विचारले, "काय बोललास?" मी सगळे लिहून दिले. त्यांनी वाचले. "शेतीत एवढं हसण्यासारखं काय आहे?"

मी लिहिले, "माझ्या बोलण्याला हसले."

त्यांनी कागदाची घडी करून खिशात ठेवली. त्यांचा विश्वास बसला नव्हता. आपल्याविषयीच काहीतरी बोलला, असे त्यांच्या मनाने घेतले. पुढे दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कामापुरते सोडून आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही.

सुट्टी लागली. कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारीतून, चढाला खाली उतरून ढकलत, आम्ही पुण्याहून भोरला आलो. मी हिर्डोशीची वाट धरली तर मागून हाक आली. "थांब. मीही येतो. मला ती जमीन बघायचीय."

भोरपासून आमच्या गावापर्यंत चालत जायला शहरातल्या माणसाचा दिवस जातो. वाटेत ते एकदाच बोलले, "नसली, तर नानांना सांगून तुझं काम बंद करीन."

घरी आबांनी त्यांना नीट पाहून घेतले. ज्याच्यापायी पोराने अंगठा दिला असावा, तो हाच. मी ओळख करून देऊ लागलो तर श्रीधरपंतांनी मला हाताने मागे सारले. "तू लांब थांब. मला यांच्याकडून हवंय." आणि आबांकडे वळून घसा ताणून म्हणाले, "वरकस! दाखवा!"

"वरडतंय कशापायी?" आबा मला म्हणाले. "मला ऐकू येतंय की."

एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला लिहिता-वाचता येत नाही, आणि दोघांचे जाणणारा एकुलता एक माणूस, मी, लांब आंब्याखाली उभा. पण आबा डोंगराकडे चालू लागले आणि श्रीधरपंत त्यांच्या मागे. मी पाहत होतो. नाचणीचे धाट आबांनी त्यांच्या हातात दिले आणि एक बोट दाखवले. वरीच्या शेतात दोन बोटे. वरच्या अंगाला कारळे पिवळेधमक फुलले होते, तिथे तीन. त्याच्या पलीकडे नुसते गवत. तिथे आबांनी क्षणभर विचार केला आणि मग डोईचे मुंडासे उशाशी घेऊन ते सरळ जमिनीवर आडवे झाले, डोळे मिटले आणि घोरू लागले. जमीन झोपली आहे!

श्रीधरपंत हसले. मी त्यांना असे मोकळे हसताना त्याआधी पाहिले नव्हते.

मला वाटले, झाले, खात्री पटली. पण आबा उठले आणि त्यांना ओढ्याकडच्या शेतात घेऊन गेले. तिथे ते बराच वेळ होते. आबा खाली वाकले, काहीतरी उचलले, ओंजळ पुढे केली. आमच्याकडे पिके निघाली की खतासाठी शेतात शेरडे-मेंढरे बसवतात. त्या लेंड्या होत्या. आबांनी इथेही तीन बोटे दाखवली, आणि त्या शेतातले नाचणीचे कणीस आणि दुसऱ्या शेतातले कणीस शेजारी शेजारी धरले. श्रीधरपंतांनी दोन्ही हातांत घेऊन पाहिली.

जेवताना त्यांनी मला कागद मागितला नाही. आबाच म्हणाले, "मानूस बरा हाय. पर इचारतोय लई. तलाठी व्हनार का?"

दुसऱ्या सत्रात कॉलेजची परीक्षा झाली. ती पास व्हायची, हजेरी पुरी भरायची, आणि मग प्रिन्सिपॉलनी टर्म मंजूर केल्याची सही द्यायची. त्याशिवाय युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसता येत नाही. निकालाच्या आधीच आम्हा दोघांना प्रिन्सिपॉलच्या खोलीत बोलावणे आले. आत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. टेबलावर आमचे पेपर होते.

प्राध्यापक म्हणाले, "कुठल्याही पुस्तकात नसलेलं, मी न शिकवलेलं एक उदाहरण या दोघांच्या उत्तरांत आहे. वरकस जमीन. याचा अर्थ काय होतो?"

मी सवयीने कागद पुढे ओढून लिहू लागलो. त्यांनी माझा हात थांबवला. "हा नको. आरोप याच्यावरही आहे. हा त्याला हवं तेच लिहून देईल." मग ऑफिसातले एक कारकून बोलावून त्यांना श्रीधरपंतांसाठी लिहायला बसवले.

मी म्हणालो, "सर, मी ते वर्गात सांगितलं होतं."

"मला आठवत नाही."

त्यांना खरेच आठवत नव्हते. मी बोललो होतो, पण कोणी ऐकले नव्हते. कागदावर नव्हतेच.

प्राध्यापकांनी मग मूळ मुद्दा काढला. त्यांचा आवाज चढला. ज्याला व्याख्यान ऐकूच येत नाही त्याची हजेरी ती हजेरी कशी? शेजाऱ्याने लिहून दिले ते वाचायचे, तर घरी बसून वाचावे. शेवटी त्यांनी शेजारच्या खुर्चीवर थाप मारली. "वर्गात बाकही रोज हजर असतो, साहेब. त्यालाही टर्म द्यायची का?"

कारकुनांनी लिहिले होते, "सरांना हजेरीबद्दल शंका आहे."

श्रीधरपंतांनी ती ओळ वाचली आणि प्रिन्सिपॉलकडे पाहिले. "सर एवढा वेळ बोलले. त्यांनी खुर्चीवर हात मारला. खुर्ची इथं कुठं आहे?"

कारकून म्हणाले, "मतलब तोच आहे." आणि तेही लिहिले.

"मतलब माझा मी काढीन. मला शब्द द्या. नाहीतर मी उत्तर देणार नाही."

 प्रिन्सिपॉलनी प्राध्यापकांना विनंती केली, की आपणच लिहा. प्राध्यापकांनी पेन हातात घेतले, कागदावर टेकवले आणि तसेच ठेवले. बाकाचे वाक्य त्यांच्याने लिहवेना. शेवटी त्यांनी लिहिले, "हे उदाहरण तुम्हाला कुठून मिळाले?"

श्रीधरपंत उत्तरले, आणि खिडक्यांच्या काचा वाजतील अशा आवाजात. "यानं वर्गात उभं राहून सांगितलं. मी ते ऐकलं नाही. मागाहून यानं लिहून दिलं, पण माझा विश्वास बसला नाही. मला वाटलं, हा माझी चेष्टा करून बसला आणि आता थापा मारतो. म्हणून मी सुट्टीत याच्या गावी गेलो आणि जमीन बघून आलो. याचं निम्मं चूक आहे. माझा पेपर वाचा."

प्रिन्सिपॉलनी दोन्ही उत्तरे वाचली. मी लिहिले होते, वरकस थकते, म्हणून नियम खरा. श्रीधरपंतांनी लिहिले होते, थकते. पण ज्या तुकड्यात शेरडे-मेंढरे बसवली तिथे तिसऱ्या वर्षीही नाचणी भरते, म्हणजे बाकीच्या गोष्टी तशाच राहिल्या तरच नियम खरा. उदाहरण एक, निष्कर्ष वेगळे. माझ्या गावाबद्दल मीच चुकलो होतो आणि ते चुकले नव्हते, याची मला लाज वाटली. पण त्या क्षणी ती लाज मला फार गोड वाटली.

प्रिन्सिपॉलनी चष्मा पुसला. मग ते सावकाश बोलू लागले. बोलताना अधूनमधून माझ्याकडे पाहत होते. प्राध्यापक मान हलवीत होते. कारकुनांनी एकच ओळ लिहिली: "टर्म मंजूर."

श्रीधरपंतांनी ती वाचली. त्यांचा श्वास सुटलेला मला ऐकू आला. मग त्यांची नजर प्रिन्सिपॉलच्या तोंडाकडे गेली, माझ्याकडे आली, पुन्हा कागदावर गेली. त्यांनी कारकुनांच्या हातातून पेन्सिल घेतली, कागदासकट माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "सुरुवातीपासून."

प्राध्यापकांनी तोंड उघडले. प्रिन्सिपॉलनी हातानेच थांबवले.

मी लिहिले. बाकाचे वाक्य जसेच्या तसे लिहिले. कारकुनांचा मतलब लिहिला. आणि प्रिन्सिपॉल शेवटी जे बोलले तेही: "टर्म मी देतो. पण एकाच वर्गातले, एकाच विषयाचे दोघे शेजारी बसून लिहितात, हे मला चालवता येणार नाही. उद्या कोणीही बोट दाखवील. उद्यापासून याच्यासाठी दुसऱ्या वर्गाचा मुलगा लिहील. हा लिहिणार नाही." हे वाक्य मी एका दमात लिहिले. पेन्सिल थांबली नाही.

श्रीधरपंतांनी ते वाचले. कोणाच्याही तोंडाकडे पाहिले नाही. घडी करून खिशात ठेवले आणि नमस्कार करून आम्ही बाहेर आलो.

जिन्याशी ते थांबले आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या आवाजात, येणारी-जाणारी मुले वळून पाहतील असे, विचारले, "तुला वाईट वाटलं?"

माझ्याजवळ कागद नव्हता. पेन्सिल आत टेबलावर राहिली होती. ते पाहून त्यांनी आपला तळहात पुढे केला. मी त्यावर बोटाने लिहिले, "नाही."

त्यांनी मूठ मिटली. "खोटं," ते म्हणाले.

आजवर माझ्या लिहिण्यावर त्यांनी जेवढे संशय घेतले, त्यातला हा एकच खरा निघाला.